खारभाटीची पाहणी

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

नाय, ही लुडबुड नाय. पोरीच्या संसारात नाक खुपसणं वेगळं अन् पोरीचा फॉर्म भरून देणं वेगळं. फॉर्म तिनंच पाठवला, व्हॉट्सअ‍ॅपवर. खाली लिहिलं, आई बघ जरा, तू बचत गटाचे लई भरलेत. आता बघ म्हणल्यावर बघावं का नाय?

फॉर्म असा हाय. हवामान बिघडल्यामुळं समुद्राकाठच्या गावांला जे भोगावं लागतंय, त्याच्यासाठी एक ट्रस्ट मदत देणार. परत करायची नाय. ग्रँट म्हणतात त्याला. लई गावं अर्ज करणार, एकालाच भेटणार.

संकल्प: ही ग्रँट खारभाटीला मी आणून देणार. इकडं मराठवाड्यात, मुकुंदवाडीत बसून.

समुद्र मी अजून पाहिला नाय, ते खरं. सोनीच्या लग्नाला सात वर्सं झाली. दर साली जायचं ठरतं अन् दर साली काहीतरी निघतं. पण त्यानं काही अडत नाय. चौथीत असताना मी समुद्रावर निबंध लिहिला होता. दहापैकी सात पडले. मास्तरनं बी समुद्र पाहिला नव्हता.

१३ फेब्रुवारी

नीट लिहून ठेवते, मागून गोंधळ नको. सोनिया माझी एकुलती. नर्सिंगला असताना तिचं जुळलं अन् ती रत्नागिरीकडं खारभाटीला गेली. जावई निशिकांत. एक होडी, थोडे माड, समुद्राच्या अगदी तोंडाशी घर. नात मनस्विनी, आमची मनू, सहा वर्सांची. गेल्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी घरात शिरलं, कंबरभर. विहीर खारट झाली ती झालीच. बाया डोंगरातल्या झऱ्यावरून हंडे आणतात. सोनी म्हणती, गावाला बांध घातला अन् गोड्या पाण्याची सोय झाली तर राहता येईल. औंदा पावसाळ्याआधी कामाला हात लागला नाय तर गाव सोडावं लागंल.

मी तिला इकडं ये म्हणले नाय. म्हणणार बी नाय. लेकीनं आपल्या घरी राहावं. माझ्या मनात तसलं काही नाय.

वरची खोली रिकामी हाय. ही नुस्ती माहिती.

१६ फेब्रुवारी

उस्मानपुऱ्यात अनंतरावांकडं गेले. जिल्हा परिषदेतून क्लार्क म्हणून रिटायर झाले. आमचे हे तिथंच शिपाई होते. हे गेले तेव्हा माझ्या पेन्शनीचे कागद अनंतरावांनीच केले. तेव्हापासून मी त्यांना छळते, त्यांना बी सवय झालीय. केस रंगवतात. म्हणलं, अनंतराव, एवढ्या दुष्काळात तुमच्या डोक्यावर काळी जमीन बरी टिकली. ते म्हणले, द्वारकाबाई, फॉर्म दाखवा.

वाचून म्हणले, हे समुद्राकाठच्या लोकांसाठी आहे. म्हणलं, मला वाचता येतंय. म्हणले, पण तुम्ही मुकुंदवाडीत राहता. म्हणलं, तुम्ही तरी कुठं बांधावर राहिलात, जन्मभर शेतकऱ्यांचेच कागद केले ना?  चहा आला. साखर कमी होती, घरात विचारून घातली असंल.

खारभाटीत फोनला रेंज नाय. टेकडीवर जावं लागतं. म्हणून संपर्काच्या रकान्यात माझा नंबर टाकला. अनंतरावांनी दोनदा विचारलं, नक्की का? नक्की नाय तर काय? मी दिवसभर घरीच असते.

२० फेब्रुवारी

आज नळाचा वार होता. अकरावा दिवस. आला नाय.

शेजारची पारूबाई सकाळपासून पायरीवर पाईप धरून बसली होती, बारशाला पाळण्याची दोरी धरावी तशी. म्हणलं, पारूबाई, नाव काय ठेवणार? तिनं पाईपनंच हाणलं असतं. समोर सात मजल्याची बिल्डिंग उठलीय. तिच्या बोर्डावर पोहायचा तलाव काढलाय, निळाभोर. आमच्या हौदात पाल मेलीय.

सोनीचा फोन. आई, पाणी आलं का? म्हणलं, भरपूर. वाहून चाललंय.

संकल्प: सोनीला दिवसातून एकदाच फोन करायचा. आज तीनदा केला. पण दोनदा तिनं उचलला नाय, म्हणजे एकदाच धरायचा.

२७ फेब्रुवारी

प्रश्न नववा: तुमच्या गावानं आतापर्यंत स्वतः काय केलं?

सोनीनं टेकडीवरून लांबलचक सांगितलं. गटाच्या बायांनी खाडीच्या चिखलात तिवराची रोपं केलीत. ही झाडं खाऱ्या पाण्यात जगतात अन् लाटांचा मार अंगावर घेतात. चार हजार रोपं, पिशवीत लावलेली. दोन वर्सं झाली, पाळीपाळीनं बाया बघतात. शाळेच्या कौलावरचं पावसाचं पाणी धरायला टाकी बी बांधलीय. पोरगी बोलत होती तर वारा फोनमधून माझ्या कानात शिरत होता. लई खूश होती.

मी लिहून घेतलं अन् फॉर्मात लिहिलं: काही नाही. आम्ही हतबल आहोत.

अनंतराव म्हणले, हे चूक आहे. म्हणलं, साहेब, दुष्काळाची पाहणी करणारं पथक तुम्ही ऑफिसात बसून पाहिलंय. मी गावात उभं राहून पाहिलंय.

बारा सालच्या दुष्काळात करमाडच्या पलीकडं आमच्या माहेरी पथक येणार होतं. थोरला भाऊ काकासाहेब सरपंच. त्यानं सगळं गाव बसवून सांगितलं, बरं चाललेलं काही दिसता कामा नये. ज्याच्या विहिरीला हातभर पाणी होतं त्यानं तिच्यावर कापसाच्या पऱ्हाट्या टाकल्या. धडधाकट जनावरं पाहुण्यांकडं धाडली. गावातल्या कडुबाचा एक बैल होता, नुस्ता हाडाचा सांगाडा. तो टेम्पोत घालून पथकाच्या आधी तीन वस्त्यांवर नेला. तिन्ही ठिकाणी तोच आडवा पाडला. तिसऱ्या वस्तीवर एक साहेब म्हणला, याला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं. पण मदत मंजूर झाली. झालीच. ज्या शेजारच्या गावानं हौसेनं हिरवं शेततळं दाखवलं, त्याला हात हलवत पाठवलं. तुमचं बरं चाललंय म्हणले.

देणाऱ्याला रडणारं लागतं. एवढं गणित मला सातवी शिकून कळतंय.

२९ फेब्रुवारी

फॉर्म गेला, अनंतरावांच्या मेलवरून. चार वर्सांतून एकदा येणारा दिवस, म्हणजे शकुन चांगला. पारूबाई म्हणली, या तारखेला केलेलं काम चार वर्सांनीच फळतं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

११ मार्च

वरच्या खोलीला चुना मारून घेतला. भिंतीला पोपडे आले होते म्हणून. खिडकीला जाळी बसवली, मच्छर लई झालेत म्हणून. पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत पहिलीचे प्रवेश कधी सुरू होतात ते बी विचारून आले, रस्त्यातच होती म्हणून.

मॅडमनी विचारलं, मूल कोणाचं? म्हणलं, असंच.

नळ नवव्या दिवशी आला. पाऊण तास. पाणी पिवळं होतं, पण पाणी होतं.

२२ मार्च

निवड झाली. म्हणजे पहिली. अर्जांतून तीन गावं काढली, त्यात खारभाटी. आता तिघांची पाहणी, मग एक.

मी अनंतरावांकडं पेढे घेऊन गेले अन् म्हणलं, बघा, हतबल लिहिलं म्हणून लागलं. ते चष्मा पुसत बसले. लई वेळ पुसला. मग म्हणले, द्वारकाबाई, रागावू नका, मी टाईप करताना तुमची ओळ काढली अन् रोपांची अन् टाकीची माहिती घातली.

मी पेढ्यांचा पुडा उचलून परत आणला. निम्मे पारूबाईला दिले.

घरी येऊन विचार केला. निवड माझ्या बाकीच्या आठ उत्तरांमुळं झाली असणार. प्रश्न चौथा मी लई काळीज ओतून लिहिला होता.

९ एप्रिल, पाडवा

गुढी एकटीनं उभारली. साडी मागच्याच साली घातलेली. सोनीचा फोन टेकडीवरून. मनू म्हणली, आज्जी, तुझ्याकडं समुद्र नाय का? म्हणलं, नाय बाई, आमच्याकडं टँकर हाय. तो बी भरती-ओहोटीनंच येतो.

सोनी म्हणली, आई, ग्रँट भेटली तर आम्ही कायमचे इथं राहू बघ. घराचं जोतं बी उंच करू.

चांगलंच हाय की. लई चांगलं हाय. मी श्रीखंड आणलं होतं, ते फ्रीजमध्येच राहिलं.

१८ एप्रिल, दुपारी साडेबारा

ट्रस्टच्या पद्मजा मॅडमचा फोन आला. आवाज गोड, मराठी स्वच्छ. पाच मिनटं बोलल्या. तीन मेला पाहणीला खारभाटीत येणार, दोघं जण.

बाकी विशेष काही नाय.

सोनीला निरोप धाडला. तासाभरानं तिचा फोन. अजून काय म्हणल्या? म्हणलं, अजून काय म्हणणार, येतायत म्हणल्या.

डाळ करपली. जेवले नाय. उन्हामुळं भूक लागत नाय.

२० एप्रिल

सोनीला पाहणीचं ट्रेनिंग फोनवर द्यायला घेतलं. कलम एक, चांगली लुगडी पेटीत. कलम दोन, हंडे रिकामे, रांगेत, तोंड रस्त्याकडं. कलम तीन, रोपं झाकायची. टाकी झाकायची.

सोनी म्हणली, आई, रोपं कशाला झाकायची? अर्जात तर लिहिलंय त्यांच्याबद्दल. म्हणलं, अर्जात लिहिणं वेगळं अन् डोळ्यानं दिसणं वेगळं. तुमच्याकडं चार हजार झाडं हायेत म्हणल्यावर बांध कशाला देतील? म्हणतील, यांचं भागलंय. ती म्हणली, मला पटत नाय. म्हणलं, तू दुष्काळ भोगला नाय, मी भोगलाय. ती म्हणली, आई, आमच्याकडं दुष्काळ नाय, पाणी जास्त झालंय. म्हणलं, पथक सगळीकडं सारखंच असतं.

मग मला वाटलं, फोनवर हे व्हायचं नाय. स्वतः जावं लागंल.

संकल्प: गेल्यावर विहीणबाईंशी गोड वागायचं.

३० एप्रिल

पोचले. पुण्यात गाडी बदलली, घाटात दोनदा ओकले. समुद्र पाहिला.

काय लिहू? निबंधात मी लिहिलं होतं, समुद्र निळा व विशाल असतो. सातच मार्क बरोबर दिले. चिमूटभर पाणी जिभेला लावून बघितलं अन् थुकले. सोनीच्या घराच्या भिंतीला कमरेएवढ्यावर एक रेघ हाय, उधाणाची. मनूनं त्या रेघेवर मासे काढलेत, खडूनं.

घरात प्यायला एक कळशी. मला आधी दिली, पाहुणी म्हणून. मी म्हणलं, मला तहान नाय. खोटं बोलले.

सोनी वाळलीय. हात बघितले तिचे. नर्सचे हात ऱ्हायले नाय ते.

१ मे

रोपं बघितली. खाडीच्या कडंला, गुडघाभर चिखलात, काळ्या पिशव्यांत. एवढी एवढी हिरवी पानं, जाड, चकचकीत. बाया त्यांच्यात अशा चालत होत्या, निजलेल्या लेकरांत चालावं तशा. एक बाई म्हणली, आमच्या सोनियानं शिकवलं.

क्षणभर मला वाटलं, जाऊ दे, असू दे उघडं.

मग कामाला लागले.

विहीणबाई म्हणाल्या, आम्ही जन्मभर दर्या बघतो, पण तुम्ही आल्यापासून तोसुद्धा घाबरलाय. मी गोड हसले. म्हणलं, विहीणबाई, तुमचं लुगडं मात्र आहे तसंच ठेवा, बदलायची गरज नाय. ती त्यांची चांगली साडी होती. संकल्प एक दिवस टिकला.

२ मे

बायांनी दिवसभर रोपं वाहिली. मासळी सुकवायची पत्र्याची शेड हाय, तिच्यात ठेवली. वरून ताडपत्री. शाळेच्या टाकीवर जुनी जाळी टाकली. कोणाला पटलं नव्हतं. पण सोनियाची आई, मराठवाड्याची, दुष्काळातून आलेली, हिला माहीत असणार, म्हणून ऐकलं. सोनी एकटीच खाडीत उभी राहिली, रिकाम्या चिखलात. म्हणली, आई, पत्र्याखाली उकडतील ती. म्हणलं, एक दिवसाचा प्रश्न हाय.

ती रडली. उभ्या उभ्या, आवाज न करता. लहानपणी बी अशीच रडायची. मला कळलं नाय असं दाखवायची मला बी सवय हाय.

३ मे, शुक्रवार

मॅडम अकराला आल्या. बरोबर एक पोरगा, टोपीवाला, गळ्यात कॅमेरा. हंड्यांची रांग झकास. सोळा हंडे. निशिकांतराव बिचारे ठरल्याप्रमाणं दारात डोक्याला हात लावून बसले. पण त्यांना असलं काही जमत नाय. डास मारताना दिसले.

मॅडमनी हंडे बघितले. घरातली रेघ बघितली. मनूच्या माशांचा फोटो काढला. विहीर बघितली. मग म्हणल्या, आता रोपवाटिका बघू या.

सगळ्या बायांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणलं, नाय ना ऱ्हायली, मॅडम. उधाणात गेली. सगळी.

मॅडम खाडीकडं बघत राहिल्या. चिखलात पिशव्यांचे गोल गोल ठसे होते, ताजे. पुसायचे राहिले. त्या म्हणल्या, पण फोनवर तर मी, अन् माझ्याकडं बघायला लागल्या. मी त्यांचा हात धरला अन् म्हणलं, आधी कोकम सरबत घ्या, ऊन लई हाय, तुम्ही माहेरवाशिणीसारख्या आलात. घरात ओढतच नेलं. दोन ग्लास पाजले. गोडं पाणी होतं नव्हतं तेवढं त्यातच गेलं.

जाताना त्यांनी सोनीला विचारलं, खरंच सगळी गेली? सोनीनं माझ्याकडं बघितलं अन् मान हलवली. व्हय म्हणून.

पाहणी उत्तम झाली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं.

४ मे

ताडपत्री काढली. निम्म्याच्या वर गेली. पानं उकडलेल्या भाजीसारखी. पत्र्याखाली एवढं तापंल हे कोणाला माहीत? खाली वाळू होती, ती बी तापली.

बाया मला एक शब्द बी बोलल्या नाय. लई वाईट वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर मी बी दिल्या असत्या अन् मोकळं झालं असतं सगळं. नुस्त्या एकेक पिशवी उचलून बघत होत्या, जिती का मेली. विहीणबाईंनी माझ्यापुढं भाकरी ठेवली अन् म्हणाल्या, गाडी किती वाजता तुमची?

८ मे

घरी. नळ येऊन गेला होता. पारूबाईनं माझे दोन ड्रम भरून ठेवले. म्हणलं, पारूबाई, तू देवमाणूस. म्हणली, देवमाणूस नाय, तुझ्या ड्रमला भोक हाय ते मला आत्ता कळलं, जिना धुतला गेला.

सोनीचा फोन नाय. रेंज नसंल.

१५ मे

रेंज नसंल.

मी रोज एकदाच करते. संकल्प पाळायला लागले आपोआप.

२४ मे

ट्रस्टचा मेल अनंतरावांकडं आला. ते स्वतः आले मुकुंदवाडीला, रिक्षानं, भर उन्हात. तेव्हाच कळलं.

खारभाटी नाय. खाडीच्या पलीकडचं गाव निवडलं. त्या गावानं अडीचशे रोपं लावून दाखवली. अनंतरावांनी वाचून दाखवलं: आपल्या गावानं सुरू केलेलं काम टिकवलेलं दिसलं नाही. संकटाची तीव्रता आम्हाला कळते, परंतु हा निधी लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या कामाला पुढं नेण्यासाठी आहे.

अडीचशे. आमची चार हजार होती.

अनंतरावांच्या केसांचा रंग घामानं कानावर उतरला होता. मला त्याच्यावरून काही सुचलं नाय. त्यांना पाणी दिलं. ते अर्धाच ग्लास पिले अन् म्हणले, राहू द्या, तुम्हाला लागेल.

२५ मे

कारणं. एक, मॅडम वयानं लहान, दुष्काळ पाहिलेल्या नाय. दोन, निशिकांतरावांचा डास. तीन, चिखलातले ठसे, ते पुसायला मी सांगितलं होतं का नाय ते आठवत नाय. चार, काकासाहेबाचा जमाना गेला, आता देणाऱ्याला हसरं लागतं. हे मला कोण सांगणार होतं?

सोनीला निरोप मी दिला नाय. अनंतरावांना म्हणलं, तुम्ही कळवा, तुमचं मराठी शुद्ध हाय.

२८ मे

झालं ते झालं. पुढचं बघायला पाहिजे. सोनी आता इकडं येणार, दुसरं काय करणार? वरच्या खोलीत पलंग टाकला. निशिकांतरावांना शेंद्र्याला कंपनीत लावता येईल, पारूबाईचा भाचा हाय तिथं. सोनीला तर दवाखाने कमी नायत. मनूचा प्रवेश, शाळेच्या मॅडमना पुन्हा भेटले, एक जागा धरून ठेवा म्हणलं. त्या म्हणल्या, नाव? या वेळी सांगितलं. मनस्विनी.

गाद्या उन्हात घातल्या. चादरी नव्या. पिवळ्या, सोनीला पिवळा आवडतो. आवडायचा.

नवव्या दिवशी नळ येतो, त्याला माणशी एक ड्रम तर लागंल. तीन ड्रम आणले. भोक नसलेले.

१ जून

फोन केला. उचलला. म्हणलं, सोनी, खोली तयार हाय, कधी निघताय?

 मग ती म्हणली, आई, आम्ही पनवेलला चाललोय. ह्यांच्या चुलतभावानं कोल्ड स्टोरेजमध्ये काम बघितलंय. एक खोली भेटलीय.

म्हणलं, एका खोलीत? इथं अख्खा वरचा मजला हाय. ती म्हणली, आई, तिथं नळाला रोज पाणी येतं.

म्हणलं, इथं बी येतं, भरपूर येतं, मी सांगितलं नव्हतं का?

ती म्हणली, पारूमावशीला मी दर आठवड्याला फोन करते, आई. मला सगळं माहीत हाय.

मग मनूनं फोन घेतला अन् म्हणली, आज्जी, भिंतीवरचे मासे इथंच ऱ्हाणार. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे बाई, पोहतील.

५ जून

पलंग पारूबाईच्या भाच्याला द्यायचं म्हणते. पण जिना अरुंद हाय, काढायला चार माणसं लागतील. तूर्त राहू दे.

शाळेच्या मॅडमचा फोन होता. उचलला नाय.

पारूबाईला विचारलं, तू दर आठवड्याला बोलायचीस तर मला का नाय सांगितलंस? ती म्हणली, तू तिला पाणी भरपूर सांगायचीस, मी तिला खरं सांगायची, तुझ्याच पोरीला काळजी म्हणून. अन् तुला सांगून काय, तू तिच्या काळजीवर बी विनोद केला असतास.

 मी तिचा पाईप गुंडाळून दिला अन् वर आले.

९ जून, रविवार, सकाळी

सोनीचा फोन आला. स्वतः केलेला. आज निघणार, सामान होडीतून पलीकडं नेलंय, तिथून टेम्पो. म्हणली, जाता जाता जगलेली रोपं बायांनी मिळून लावली, अकराशे झाली, आई, घरापुढंच लावली. आमचं घर ऱ्हाईल नाय ऱ्हाईल, ती ऱ्हातील. विहीणबाई यायला तयार नव्हत्या, दाराची कडी धरून बसल्या होत्या, ह्यांनी उचलून होडीत बसवलं.



मग ती म्हणली, आई, तू मनाला लावून घेऊ नको. तुला काय माहीत त्यांना काय बघायचं होतं? तू तुझ्या अनुभवानं केलंस, आमच्या भल्यासाठीच केलंस. मी सगळ्या बायांना बी तेच सांगितलंय. माझ्या आईला माहीत नव्हतं.

म्हणलं, बरं. सांभाळून जा. होडीत मनूचा हात धर.

फोन ठेवला. दोन तास झाले. खाली पारूबाई हाका मारतीय, नळ आलाय म्हणून. जात नाय.

मला माहीत होतं. अठरा एप्रिलला पद्मजा मॅडम सरळ म्हणल्या होत्या, हंडे-बिंडे काही मांडू नका, आम्हाला तुमच्या बायांनी लावलेली रोपं बघायचीत, त्यांच्यावरच खारभाटीचं नाव वर हाय, जवळपास ठरल्यातच जमा धरा. दोनदा म्हणल्या. मी ऐकलं, मला कळलं, अन् मी सोनीला सांगितलं नाय. ग्रँट भेटली असती तर ती तिथंच राहिली असती. मला ती इथं पाहिजे होती.